व्हेरिलॉगचं सर्किट सी प्रोग्रामसारखं तपासायचं कसं: चार खणांच्या फिफोपासून सुरुवात

व्हेरिलॉग, म्हणजे सर्किट लिहून काढायची भाषा, शिकून दोनेक महिने झालेल्या कुणालाही फिफो, म्हणजे आधी आलेला डेटा आधी बाहेर देणारी रांग, लिहायला सांगा. आत किती डेटा साठलाय ते मोजणारा काउंटर बऱ्याचदा असा लिहिला जातो (कळायला सोपं जावं म्हणून इथे नावं मराठीत देतो; पुश म्हणजे आत टाकणं, पॉप म्हणजे बाहेर काढणं):

    क्लॉकच्या प्रत्येक चढत्या कडेला:
        जर (पुश आणि भरलेली नाही)   मोजणी <= मोजणी + १
        जर (पॉप आणि रिकामी नाही)   मोजणी <= मोजणी - १

वाचताना खटकत नाही. एक आत आला की वाढवा, एक बाहेर गेला की कमी करा, दोन्ही एकदम झालं तर वाढून कमी होईल, म्हणजे आकडा तोच राहील. पण व्हेरिलॉगमध्ये असं घडत नाही. ही नॉनब्लॉकिंग असाइनमेंट आहे. दोन्ही ओळींत उजवी बाजू मोजणीच्या जुन्या किमतीवरून काढली जाते, आणि एकाच रजिस्टरला (किंमत साठवून ठेवणाऱ्या घटकाला) एकाच कडेवर दोनदा किंमत दिली तर शेवटची टिकते. त्यामुळे पुश आणि पॉप एकाच क्लॉकला आले की मोजणी एकने घटते. आतला डेटा मात्र तेवढाच असतो.

आता हेच दोन 'जर' सी भाषेत जसेच्या तसे उतरवा. सीमध्ये ओळी एकापाठोपाठ चालतात, त्यामुळे मोजणी आधी वाढते, मग कमी होते, आणि उत्तर बरोबर येतं. सर्किटमधला बग भाषांतरात नाहीसा झाला. त्यावर तपासणीचं जगातलं सर्वात ताकदवान हत्यार (टूल) चालवलं तरी ते 'सगळं ठीक' असंच सांगेल, आणि ते खोटंही नसेल. फक्त ते तुमच्या सर्किटाबद्दल नसेल. सॉफ्टवेअरची तपासणी हार्डवेअरला लावताना नवख्या माणसाचा वेळ सगळ्यात जास्त इथे वाया जातो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये भाषांतरावर मी मुद्दाम जास्त थांबलो आहे.

मुळात हे करायचं कशाला

ज्याला बाउंडेड मॉडेल चेकिंग म्हणतात ते तंत्र मुळात हार्डवेअरच्या घरातलंच. बिएरे, चिमाती, क्लार्क आणि झू यांनी १९९९ मध्ये ते मांडलं. सर्किट ठरावीक क्लॉकपर्यंत उलगडायचं, त्याचं एक भलंमोठं बूलियन सूत्र करायचं आणि सॅट सॉल्व्हरला, म्हणजे असं सूत्र खरं ठरवणाऱ्या किमती शोधणाऱ्या प्रोग्रामला, विचारायचं, 'हे मोडणारा एखादा इनपुट आहे का?' पुढे हीच कल्पना सी प्रोग्रामांना लावली गेली आणि सीबीएमसी हे हत्यार तयार झालं. त्याच्यावरचा क्लार्क, क्रोनिंग आणि लेर्दा यांचा लेख २००४ चा. सॉफ्टवेअरकडे गेल्यावर त्याला बरंच काही मिळालं: पॉइंटर, अ‍ॅरे, लूप हाताळायची रीत, आणि सॉल्व्हरने दिलेलं उत्तर प्रोग्रामच्या भाषेत परत सांगायची सोय. सर्किट सीमध्ये उतरवून त्यावर ही हत्यारं चालवणं म्हणजे सासरी गेलेल्या मुलीने भरल्या हातांनी माहेरी येणं. पुण्यात टीसीएस रिसर्चमध्ये तयार झालेलं व्हेरिअ‍ॅब्स हे सी प्रोग्राम तपासणारं हत्यारही याच जातकुळीतलं. एसव्ही-कॉम्प या सॉफ्टवेअर-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते उतरलेलं आहे.

हा मार्ग कुणी धरावा? ज्यांच्याकडे सर्किटाचा संदर्भ-नमुना आधीच सीमध्ये आहे त्यांनी, ज्यांना फर्मवेअर आणि हार्डवेअर एकत्र तपासायचं आहे त्यांनी, आणि ज्यांना सी चांगली येते पण हार्डवेअरच्या फॉर्मल (गणिती सिद्धतेने तपासणाऱ्या) हत्यारांची ओळख नाही त्यांनी. तुमचं सगळं काम व्हेरिलॉगमध्येच असेल आणि फक्त गुणधर्म सिद्ध करायचे असतील, तर सरळ सिम्बीयोसिस हे हत्यार वापरा. ते योसिस या दुसऱ्या हत्याराच्या मदतीने व्हेरिलॉग वाचून सॉल्व्हरकडे देतं, सीचा वळसा लागत नाही. तरी एकदा हा वळसा हाताने घेतलात तर ते हत्यार आत काय करतं हे तुम्हाला दिसेल.

पायरी १: सामान

लिनक्सचं मशीन, जीसीसी (सीचा कंपायलर), सीबीएमसी, व्हेरिलेटर (व्हेरिलॉगचं सिम्युलेशन चालवणारं हत्यार). उबुंटूवर ही तिन्ही हत्यारं फुकट आणि पॅकेजमधून मिळतात. साधा लॅपटॉप पुरतो.

पायरी २: क्लॉकचं एक पाऊल म्हणजे एक फंक्शन

सर्किटातली सगळी रजिस्टरं एका स्ट्रक्टमध्ये घाला. आपल्या फिफोत ८ बिटांचे ४ खण, २ बिटांचं डोकं (इथून वाचायचं), २ बिटांचं शेपूट (इथे लिहायचं) आणि ३ बिटांची मोजणी. बाहेर दिसणारा डेटा म्हणजे कुठल्याही क्षणी डोकं ज्या खणाकडे बोट दाखवतं तो खण. मग एका क्लॉकचं फंक्शन असं:

    पाऊल(जुनी, इनपुट):
        नवी    = जुनी
        भरलेली = (जुनी.मोजणी == ४)
        रिकामी = (जुनी.मोजणी == ०)
        जर (इनपुट.पुश आणि भरलेली नाही):
            नवी.खण[जुनी.शेपूट] = इनपुट.डेटा
            नवी.शेपूट = (जुनी.शेपूट + १) & ३
            नवी.मोजणी = (जुनी.मोजणी + १) & ७
        जर (इनपुट.पॉप आणि रिकामी नाही):
            नवी.डोकं  = (जुनी.डोकं + १) & ३
            नवी.मोजणी = (जुनी.मोजणी - १) & ७
        जर (इनपुट.रीसेट):
            नवी.डोकं = ०, नवी.शेपूट = ०, नवी.मोजणी = ०
        नवी परत द्या

नियम एकच, पण तो कधी मोडायचा नाही: रजिस्टरची किंमत वाचताना 'जुनी', लिहिताना 'नवी'. हे पाळलं की सुरुवातीला पाहिलेला बग इथेही जसाच्या तसा येतो, कारण दुसरी ओळ पहिलीचं उत्तर पुसून टाकते आणि स्वतः जुन्याच किमतीवरून मोजते. आपल्याला तेच हवं आहे. भाषांतर करता करता बग दुरुस्त करायचा मोह होतो, तो आवरा. आधी सर्किट आहे तसं उतरवा.

भरलेली आणि रिकामी ही रजिस्टरं नाहीत, तारा आहेत. तारांची किंमत वापरण्याआधी काढावी लागते. व्हेरिलॉगमध्ये 'असाइन' कुठेही लिहिलेलं चालतं, पण सीमध्ये कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहून क्रम लावावा लागतो. क्रम लागतच नसेल, म्हणजे अ ला ब हवा आणि ब ला अ, तर तुमच्या सर्किटात कॉम्बिनेशनल लूप आहे. तो आधी सोडवा.

आता रुंदी. सीमध्ये २ बिटांचा पूर्णांक नाही. म्हणून प्रत्येक बेरजेला मास्क, म्हणजे जास्तीचे वरचे बिट गाळून टाकणं: २ बिटांना '& ३', ३ बिटांना '& ७'. हे विसरलात तर शेपूट ४, ५, ६ करत अ‍ॅरेच्या बाहेर जाईल. ती चूक निदान लवकर लक्षात येते, कारण सीबीएमसीला अ‍ॅरेच्या हद्दीची तपासणी करायला सांगता येतं. पण काही चुका गुपचूप राहतात. ८ बिटांच्या दोन संख्या सीमध्ये मिळवल्या की बेरीज 'इंट' होते, त्यामुळे सर्किटात गळून पडणारा कॅरी इथे टिकतो. ८ बिटांच्या संख्येचे बिट उलटे केले तर वरचे २४ बिटही १ होतात, आणि मग साधी बरोबरीची तुलना चुकते. ३२ बिटांची संख्या ३२ किंवा त्याहून जास्त बिटांनी शिफ्ट केली तर व्हेरिलॉग शून्य देतो, सीमध्ये मात्र ते वर्तन अनिर्धारित आहे. माझा सल्ला: प्रत्येक अंकगणिती उत्तराला डोळे झाकून मास्क लावा. अनावश्यक मास्कने काही बिघडत नाही.

हाताने लिहायचं नसेल तर व्हीटूसी हे व्हेरिलॉगचं सी करणारं हत्यार २०१६ पासून आहे. दुसरा रस्ता योसिसने बीटीओआर-टू या फॉरमॅटमध्ये सर्किट काढून बीटीओआर-टू-सी ने त्याचा सी प्रोग्राम करण्याचा. व्हेरिलेटरही सी++ कोड काढतो, पण तो वेगाने सिम्युलेशन चालवण्यासाठी रचलेला असतो. तो सीबीएमसीपुढे ठेवला तर वाचता येणार नाही इतका पसारा होतो. पहिली फिफो हातानेच लिहा.

पायरी ३: भाषांतराची परीक्षा

ही पायरी लोक वगळतात. वगळू नका. मूळ व्हेरिलॉग व्हेरिलेटरमधून काढा, तुमचं पाऊल-फंक्शन त्याच्याच शेजारी बसवा, दोघांना सारखेच रँडम इनपुट द्या आणि प्रत्येक क्लॉकला सगळी रजिस्टरं ताडून बघा. एक लाख क्लॉक काही सेकंदांत होतात. कुठेही फरक पडला तर तिथेच थांबा. यातून सर्किट बरोबर आहे की चूक हे कळणार नाही, पण आपण ज्याच्यावर सिद्धता करणार आहोत ते तेच सर्किट आहे याची खातरी बऱ्यापैकी होते. 'बऱ्यापैकी' म्हणतोय, कारण व्हेरिलेटर मुख्यतः ० आणि १ याच दोन किमती ओळखतो. व्हेरिलॉगमधली अज्ञात 'एक्स' किंमत या तुलनेत येत नाही.

पायरी ४: सुरुवातीची अवस्था आणि मोकळे इनपुट

सीबीएमसीत ज्या फंक्शनचं नाव 'नॉनडेट' आणि अंडरस्कोरने सुरू होतं आणि ज्याला शरीर दिलेलं नाही, ते कुठलीही किंमत परत देऊ शकतं असं मानलं जातं. पुश, पॉप, डेटा हे तिन्ही प्रत्येक क्लॉकला अशा फंक्शनांमधून घ्या. टेस्टबेंचमध्ये (सिम्युलेशनला इनपुट देणाऱ्या कोडमध्ये) आपण उदाहरणं निवडतो, इथे एकही निवडत नाही.

सुरुवातीच्या अवस्थेत एक सापळा आहे. सीच्या नियमाप्रमाणे ग्लोबल व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतं. खऱ्या चिपवर वीज आल्या आल्या फ्लिप-फ्लॉपमध्ये काहीही असू शकतं. स्ट्रक्ट ग्लोबल ठेवलंत तर रीसेट लिहायला विसरलेलं सर्किटही पास होईल. म्हणून स्ट्रक्ट फंक्शनच्या आत लोकल ठेवा आणि त्याला किंमत देऊ नका, म्हणजे सीबीएमसी ते मोकळं धरतो. मग पहिल्या क्लॉकला रीसेट १, नंतर ०, असं 'अझ्यूम' (हे खरं धरून चाल) लावून सांगा. पुढे कधीतरी मधल्या क्लॉकलाही रीसेट मोकळा सोडून बघा.

पायरी ५: काय खरं असायला हवं

दोन प्रकारचे गुणधर्म लिहा. पहिला आतला. हार्नेसमध्ये, म्हणजे पाऊल-फंक्शन चालवून तपासणाऱ्या सी कोडमध्ये, स्वतःचा 'हिशेब' ठेवा: स्वीकारलेला पुश आला की एक वाढ, स्वीकारलेला पॉप आला की एक घट, दोन्ही आले तर जसाच्या तसा. मग प्रत्येक पावलानंतर असर्ट (हे खरं आहे का ते तपास): हिशेब आणि मोजणी सारखेच.

दुसरा बाहेरचा, फिफोने जगाला दिलेला शब्द: जे ज्या क्रमाने आत गेलं ते त्याच क्रमाने बाहेर येईल. हे लिहायला सगळी रांग लक्षात ठेवायची गरज नाही. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या एकाच माणसावर नजर ठेवा. कुठल्या तरी एका पुशला (कुठल्या ते सॉल्व्हरला ठरवू द्या) डेटा टिपून ठेवायचा आणि त्याच्या पुढे कितीजण आहेत तेही (मोजणीवरून नव्हे, हिशेबावरून). त्याच क्लॉकला पॉपही होत असेल तर पुढच्यांतून एक वजा करायचा, नवखे इथे हमखास चुकतात. नंतरच्या प्रत्येक पॉपला पुढचे एकने कमी. पुढे कुणी नसताना पॉप आला की बाहेर येणारा डेटा टिपलेल्याशी जुळला पाहिजे. तो एक माणूस कोणता हे मोकळं असल्यामुळे एकाची तपासणी म्हणजे सगळ्यांची तपासणी.

पायरी ६: चालवा

पावलांचं लूप लिहा, 'अनवाइंड' पर्यायाने ते किती वेळा उलगडायचं ते द्या आणि 'ट्रेस' पर्याय चालू ठेवा, म्हणजे गुणधर्म कसा मोडला त्याची पावलोपावली नोंद मिळेल. लूप पूर्ण उलगडलं की नाही हे तपासणारा 'अनवाइंडिंग असर्शन्स' पर्याय आहे. तुमच्या आवृत्तीत तो आपोआप चालू नसेल तर चालू करा, नाहीतर लूप अर्धवट कापलं जाऊनही निकाल यशस्वी दिसेल.

आपल्या बिघडलेल्या फिफोवर काय होतं बघा. फक्त आतला गुणधर्म ठेवला तर रीसेटनंतर २ क्लॉकमध्येच तो मोडतो: पहिल्याला पुश, दुसऱ्याला पुश आणि पॉप एकत्र. हिशेब १, मोजणी ०. फिफोत डेटा पडलाय आणि फिफो म्हणते मी रिकामी.

फक्त बाहेरचा गुणधर्म ठेवला तर २ क्लॉक पुरत नाहीत. ६ क्लॉकपर्यंत उलगडलं तरी सगळं यशस्वी दिसतं. ७ वर मोडतं. का ते हाताने मांडून बघा. दुसऱ्या क्लॉकनंतर मोजणी खऱ्यापेक्षा एकने मागे आहे. मग तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सलग चार पुश येतात. मोजणी ४ होते, आतले प्रत्यक्षात ५ व्हायला हवेत, खण मात्र ४. सहाव्या क्लॉकचा डेटा दुसऱ्या क्लॉकच्या डेटावर लिहिला जातो. सातव्याला पॉप केला की चुकीचा डेटा बाहेर येतो.

म्हणून '६ क्लॉकपर्यंत सिद्ध झालं' याचा अर्थ फक्त तेवढाच घ्यायचा. आणि म्हणूनच दोन्ही गुणधर्म लागतात. आतला बग लवकर आणि आखूड ट्रेसमध्ये पकडतो. बाहेरचा तुम्ही आतल्या रचनेबद्दल चुकीचं गृहीत धरलं असेल तरी उभा राहतो.

प्रत्येक क्लॉकला पुश, पॉप आणि ८ बिट डेटा असे १० मोकळे बिट आहेत. ७ क्लॉकना ७० बिट, म्हणजे २ चा ७० वा घात इतके क्रम: १ वर २१ शून्यं, त्याहून थोडे जास्तच. सॉल्व्हर ते एकेक करून बघत नाही, म्हणून हे जमतं. हा विशिष्ट बग रँडम टेस्टनेही लवकर सापडला असता, हे कबूल करायला हवं. पण सगळे बग इतके उघडे बसत नाहीत. १९९४ च्या पेंटियममधला भागाकाराचा बग आठवा. भागाकाराच्या तक्त्यात भरायच्या १०६६ नोंदींपैकी ५ राहून गेल्या होत्या. रँडम संख्यांच्या साधारण ९ अब्ज भागाकारांत एकदा चूक होईल, असा इंटेलचा अंदाज होता. चिपा बदलून देण्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवावा लागला.

पायरी ७: ट्रेस वाचणं

सीबीएमसीचा ट्रेस लांबलचक असतो. त्यातून दर क्लॉकचे फक्त इनपुट आणि रजिस्टरं काढून कागदावर तक्ता मांडा. मग तेच इनपुट मूळ व्हेरिलॉगला व्हेरिलेटरमध्ये द्या आणि वेव्हफॉर्म बघा. तिथेही चूक दिसली तर बग खरा. दिसली नाही तर भाषांतरात किंवा हार्नेसमध्ये घोळ आहे, पायरी २ कडे परत जा. डिझाइन लिहिणाऱ्या सहकाऱ्याकडे जाताना वेव्हफॉर्म घेऊन जा. सॉल्व्हरचं सूत्र दाखवून कुणाला पटत नाही.

दुरुस्ती सोपी: पुश आणि पॉप दोन्ही स्वीकारले गेले असतील तर मोजणीला हात लावायचा नाही. दुरुस्ती व्हेरिलॉगमध्ये करा, पुन्हा सीमध्ये उतरवा, पायरी ३ पुन्हा चालवा.

पायरी ८: मर्यादेपलीकडे

दुरुस्त फिफो २० क्लॉकपर्यंत पास झाली. २१ व्या क्लॉकचं काय? इथे इंडक्शन लागतं. रीसेटऐवजी पूर्णपणे मनमानी अवस्थेतून सुरुवात करा, गुणधर्म आत्ता खरा आहे असं 'अझ्यूम' करा, एक पाऊल टाका आणि तो नंतरही खरा राहतो का ते 'असर्ट' करा. रीसेटनंतर तो खरा असतो हे वेगळं दाखवलं की अनंत क्लॉकचा प्रश्न मिटला.

'मोजणी कधी ४ पेक्षा जास्त नाही' हे एका फटक्यात सिद्ध होतं. डेटाच्या क्रमाचं होत नाही. सॉल्व्हर अशी अवस्था आणून दाखवतो: मोजणी ३, पण डोकं आणि शेपूट दोघंही एकाच खणावर. रीसेटपासून तिथे कधीच पोहोचता येत नाही, पण आपण त्याला ते सांगितलेलंच नाही. म्हणून आधाराचे गुणधर्म द्यायचे. एक, शेपूट वजा डोकं, '& ३' करून, हे मोजणी '& ३' एवढंच असतं. दुसरा, हिशेब आणि मोजणी सारखे. तिसरा, ज्याच्यावर नजर आहे तो माणूस रांगेत असेल तर त्याच्या पुढचे मोजणीपेक्षा कमी असतात आणि डोक्यापासून तितके खण पुढे गेल्यावर जो खण लागतो त्यात टिपलेलाच डेटा असतो. हे तिन्ही, आणि मोजणी ४ पेक्षा जास्त नाही हेही, 'अझ्यूम' करायचे आणि पावलानंतर 'असर्ट'ही करायचे. नुसतं गृहीत धरून सोडलंत तर सिद्धता फुकट गेली.

हे गुणधर्म शोधताना दोन-तीन दिवस गेले तरी नाराज होऊ नका. तुमचं सर्किट खरंच का चालतं, हे बऱ्याचदा इथेच पहिल्यांदा नीट कळतं.

पायरी ९: हिरव्या निकालावर संशय

माझ्या एका कामात सगळे गुणधर्म दोन सेकंदांत सिद्ध झाले होते. मला आनंद झाला, आणि तो पूर्ण आठवडा टिकला. नंतर कळलं की दोन 'अझ्यूम' एकमेकांना छेद देत होते. एक म्हणत होता पहिल्या क्लॉकला रीसेट १, दुसरा म्हणत होता रीसेट कायम ०. दोन्ही पाळणारा एकही इनपुट नव्हता, त्यामुळे तपासायला काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून मी दोन गोष्टी न चुकता करतो. लूपच्या शेवटी 'असर्ट शून्य' टाकून बघतो. तो मोडलाच पाहिजे, नाही मोडला तर तिथपर्यंत कुणी पोहोचतच नाही. आणि पाऊल-फंक्शनमध्ये मुद्दाम बग घालतो: एक मास्क बदल, एक अट उलटी कर. घातलेला बग पकडला गेला नाही तर गुणधर्म कमी पडताहेत.

जे या वाटेने कळत नाही

टायमिंग कळत नाही. सिग्नल क्लॉकच्या आत पोहोचतो का, हे पाऊल-फंक्शनला ठाऊकच नसतं. दोन वेगळ्या क्लॉकांमधली असिंक्रोनस फिफो इथे आणू नका. मेटास्टेबिलिटी (फ्लिप-फ्लॉप ० आणि १ च्या मध्येच अडकणं) सीमध्ये नाही, आणि अशा फिफोवर या पद्धतीने मिळालेला यशस्वी निकाल धोकादायक आहे. मोठे गुणाकारही सॅट सॉल्व्हरला जड जातात. ३२ बिटांचा गुणाकार संदर्भ-नमुन्याशी ताडायला घेतलात तर मशीन रात्रभर तापून सकाळी काहीच हाती नसेल. अशा ठिकाणी आधी रुंदी ८ बिटांवर आणून बघा, आणि पूर्ण रुंदीवर व्हेरिलेटरचा कोड एखाद्या कव्हरेज बघणाऱ्या फझरला, म्हणजे कोडचा कुठला भाग चालला ते बघत आपोआप नवे इनपुट देत राहणाऱ्या हत्याराला, जोडा. फझर काही सिद्ध करत नाही, पण खोल जातो.

फिफो नीट उतरली की खणांची संख्या ४ ची ५ करा. डोकं आणि शेपूट आता ३ बिटांचे, पण '& ७' पुरणार नाही, ४ नंतर ० वर यावं लागेल. शेपूट वजा डोकं हा आधाराचा गुणधर्मही मोडेल, आणि इंडक्शनमध्ये सॉल्व्हर लगेच डोकं ६ वर नेऊन दाखवेल. तो नवा गुणधर्म काय असेल, हे उत्तर न बघता शोधा.